शैलाताईंचा नंतरचा आवाज

“मॅडम, शैला सकाळी गेली...” शैलाताईंच्या यजमानांचा, विश्वासरावांचा फोन मी चालवते त्या वाचा-उपचार केंद्रात आला.

येरवड्यातल्या आमच्या केंद्रात शैलाताई कॉम्प्युटर सांभाळायच्या. पेशंट पुन्हा बोलायला शिकतात ती सगळी रेकॉर्डिंगं सर्व्हरवर असतात. दर शुक्रवारी त्या ती बॅकअप म्हणून टेपवर उतरवून कपाटात ठेवायच्या. एकदा सर्व्हर बिघडला, अर्धी रेकॉर्डिंगं उघडेनात. मी नेहमीप्रमाणे घायकुतीला आले. “टेप आहे ना? मग टाका सगळं परत!” चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, “टाकते की. सर्व्हरवर शुक्रवारनंतरचं जे शाबूत आहे ते पुसलं जाईल. चालेल ना आपल्याला?” त्या ‘आपल्याला’ने मी खुर्चीत बसले. अर्धांगवायू झालेले एक आजोबा त्याच आठवड्यात पहिलं वाक्य बोलले होते. शैलाताईंनी टेपवरचं सगळं वेगळ्या जागी उतरवलं, एकेक फाइल ताडून पाहिली आणि मगच जागेवर ठेवली. घाई करणाऱ्या माणसाला छळणं त्यांना बरोबर जमायचं, आणि मला त्या फार आवडायच्या.

निवृत्तीनंतर त्यांना घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनने तेव्हा जीव वाचला, पण खणखणीत आवाज गेला. उरला तो घोगरा, फाटका. पेशंट म्हणून माझ्यासमोर बसल्या तेव्हा म्हणाल्या, “बघा, माझा बॅकअप सापडतोय का.” मी हसले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्या गेल्यावर काही आठवड्यांनी विश्वासराव केंद्रात आले. “तिचा आवाज मिळेल का?” मला वाटलं, एवढं तरी आपल्या हातात आहे. जुन्या टेपा काढल्या. माइक तपासताना त्या काहीबाही बोलल्या होत्या, ते सापडलं... तोच खणखणीत आवाज. मोठ्या ऐटीत लावलं. “छान आहे,” विश्वासराव म्हणाले. मग अवघडून, “पण मॅडम... हा नाही. ऑपरेशननंतरचा हवा होता. शेवटी घरात तोच होता ना. हा आता परका वाटतो हो.”

मला रडूच आलं. आयुष्यभर आवाज सुधारायचं काम केलं. बिघडलेल्या आवाजाची कुणाला आठवण येत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

उपचार संपलेल्या पेशंटची रेकॉर्डिंगं आम्ही फक्त टेपवर ठेवतो. ती टेप लावली. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि घाई करायची माझी हिंमत नव्हती. अखेर तो घोगरा आवाज खोलीत आला. सरावाची तीच तीच वाक्यं, मध्येच मला टोमणा: “आता तुम्ही म्हणा, मी ऐकते.” विश्वासराव हसले. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दाराबाहेर बाकावर थांबलेल्या नवऱ्याला हाक:

“अहो, झालं माझं. चला.”

विश्वासराव पिशवी उचलून उभे राहिले.