डेपोतलं शेवटचं सागवान

आमच्या बाला, लिंबाजीला, कोणी गावचा पाऊस कमी झाला म्हणालं की लई राग यायचा. किनवटच्या पुढं डोंगरात आमचं गाव. एकेकाळी आठ-आठ दिवस झड लागायची, सरपण ओलं, चूल पेटायची न्हाई, पण लाकूड कापायची आरामशीन थांबायची न्हाई. बा लाकूड डेपोत. तोडायच्या झाडावर शिक्क्याचा हातोडा मारायचं काम त्याचं. एक ठोका छातीएवढ्या उंचीवर, दुसरा बुडात, म्हणजे झाड गेलं तरी खुंटावर शिक्का राहतो. याच हातोड्यानं डोंगर बोडका झाला अन् पाऊस गेला, हे मी एकदा तोंडावर सांगितलं. चार दिवस बोलला न्हाई माझ्याशी.

शेवटी डेपोच्या आवारात एकच जुनं सागवान उरलं. त्याच्याखाली बाची बाज.

सात वर्षांखाली पाऊस मोजायचं मशीन घेऊन सरकारी माणसं आली. कुठं बसवायचं, विचारलं त्यांनी. बा म्हणाला, "माझ्या झाडाखाली बसवा. बाजेवरून नजर राहील, शेरडं शिवणार न्हाईत." काय अक्कल! बसवणारे त्याहून शहाणे, त्यांनी बसवूनही टाकलं.

मग पेपरात आमचा पावसाचा आकडा कोरड्या भोकरच्याही खाली यायला लागला. बा पेटला. "आमचा पाऊस मशीन खाऊन राहिलं!" तीन वर्षं अर्जावर अर्ज. लिहिणारी मी, सही त्याची.

एकदाचा मशीन तपासायला साहेब आला. वर बघितलं अन् हसला. "मामा, मशीन बरोबर हाय. झाड आडवं येतंय. तोडावं लागंल."

बा गार पडला. "साहेब, मशीनच हलवा ना. दहा पावलं."

"त्याला वरून मंजुरी लागती. झाडाची इथंच भेटती."

वा रे न्याय! मी भांडायला उठले, तर बानं मलाच गप्प केलं. तक्रार त्याचीच होती ना. हातोडा मात्र दुसऱ्याच्या हातात दिला न्हाई. वरचा ठोका मारला. बुडातला मारायला खाली बसला तो उठेचना, मीच दंडाला धरून उठवलं.

झाड पडलं. पुढचा अख्खा पावसाळा बा रोज पेपर बघायचा. आकडा जरासा वर सरकला, बस्स. भोकरच्या खालीच. झाडानं खाल्ला तो थेंबभर, मुळात पाऊसच पडत नव्हता.

परवा बा म्हणाला, "लुंबिनी, तू शिकलेली. पाऊसच कमी झालाय, हे अर्ज लिहिताना तुला कळलं न्हाई का गं?"

कळलं होतं. पण पुन्हा चार दिवस अबोला नको होता मला, म्हणून लिहीत गेले.