तिसरा सहा

नियम मोडलेला मला अजिबात खपत नाही. लुडोत कुणी हळूच सोंगटी एक घर पुढे सरकवली, तर मी डोक्यात राख घालून घेते. त्यावरून लहानपणी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. अशा बाईला मित्रमंडळींनी मास्तरीण केलं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच!

आमचा खेळ साधा आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की कर्जतला माझ्या घरी चटईवर बसायचं. मी गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि आपण काय करतो ते बोलतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला या खेळाच्या नियमांच्या पुस्तकात गेम मास्टर म्हणतात, आमच्याकडे मास्तरीण.

ते पुस्तक इंग्रजीत, तेही बारीक टायपात. सुरुवातीला आम्ही निम्मंच वाचलं आणि उरलेलं अंगवळणी होतं तसं खेळलो. कुणाला सहा पडला की हात आपोआप पुन्हा फाशाकडे जायचा. लुडोत आम्ही जन्मभर तेच केलेलं. सहाला पुन्हा टाकायचं, आणि लागोपाठ तीन सहा पडले की सगळं बाद. पुस्तकात असलं काहीच नाही हे कळेपर्यंत तो आमचा नियम होऊन बसला होता. आणि काय झकास नियम! पहिल्या सहाला काम फत्ते, दुसऱ्याला मनात होतं त्याहून मोठं काहीतरी, आणि मग जीव मुठीत धरून तिसऱ्यांदा टाकायचंच. नको म्हणायची सोय नाही, आणि तिसराही सहा आला की ते माणूस गोष्टीत खलास.

त्या रविवारी माझ्या मैत्रिणीचा शेवटचा डाव होता. ती खोपोलीची, शिळफाट्याला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. आता नोकरीसाठी भोपाळला निघाली होती. गेली तीन वर्षं ती एकच माणूस खेळत आली, घाटातली एक लंगडी, फटकळ तोंडाची वाटाडी. चपला काढता काढताच तिने मला दम भरला, "हे बघ गं, मी जायच्या आत तिला घाटापल्याड न्यायची हाय. जिती."

मलाही तेच हवं होतं. बियाण्यांचं दुकान चालवणारा आमचा मित्र आधीच येऊन बसला होता, आणि पळसदरीला घर घेतलेले पुण्याचे एक काकाही. काका नवीन होते, पण पुस्तक त्यांना तोंडपाठ.

गोष्टीत नदीला पूर आला होता. झुलता पूल मधेच तुटलेला, आणि पलीकडे गेलं की घाट संपला. वाटाडी पुढे, बाकीचे मागे.

"उडी मारते," ती म्हणाली.

"पाच किंवा सहा हवा," मी सांगितलं.

सहा! दुकानदार मांडीवर थाप मारून ओरडला, "गेली पल्याड!" तिने लगेच पुन्हा टाकला. पुन्हा सहा! आता मी कुठली बसतेय! मी उभी राहिले, हातवारे करत सांगायला लागले की उडी मारतानाच तिने तुटका दोर पकडलाय, तो बांधला की मागची सगळी माणसं पार होणार. फक्त आता सहा नको. बाकी काहीही चालेल. तिने फासा ओंजळीत खुळखुळवला, डोळे मिटले आणि टाकला.

सहा.

दुकानदाराने कपाळावर हात मारला. मग काका हळूच म्हणाले, "अहो, पुस्तकाप्रमाणे एकदाच टाकायचं असतं. पहिल्याच सहाला ती पार झाली की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, नियमासाठी भावाशी अबोला धरणारी, मुकाट्याने पुस्तक उघडायला लागले. मला ती मरायला नको होती.

मैत्रिणीने पुस्तकावर पंजा ठेवला. "मिट ते. इतकी वर्षं दुसऱ्या सहाला नाचलो ना आपण? मग तिसरा पण आपलाच. मेली ती. आता नीट सांग. घाई नको करू."

मी सांगितलं. ओला दोर कसा निसटला, लंगडा पाय फळीत कसा अडकला, पाणी कमरेपर्यंत कसं चढलं, सगळं सांगितलं.  इतका रंगलेला डाव मी कधी खेळवला नव्हता. दुकानदार उघड उघड डोळे पुसत होता. काका पार चटईच्या मध्यापर्यंत सरकले होते.

"मग? काय म्हणली ती?" मैत्रिणीने विचारलं.

"ते तू सांग. तुझी आहे ती."

ती उठली. पदर नसताना खोचल्यासारखा केला, पाय रोवले आणि शेजारपाजारच्या खिडक्या उघडतील अशा आवाजात पुरावर ओरडली, "ये रं, ये! एका लंगडीला ढकलायला एवढा येळ लागतो का रं तुला?"