रिक्षाच्या पाठीवरची सही

गिऱ्हाईक दारात दिसलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडते असे दुकानदार आमच्या पुण्यात पिढ्यान् पिढ्या होऊन गेले. पण आलेल्या गिऱ्हाइकाच्या काळजीने जिचा स्वतःचाच जीव कासावीस होतो अशी दुकानदार सबंध शहरात एकच, आणि ती माझ्या बायकोची मावसबहीण. मूळची अकोल्याची. खराडीला एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायचं काम करायची. आम्हाला वाटायचं ती तिची नोकरी आहे. तो स्वभाव निघाला. नोकरी सोडून तिने कसबा पेठेत एका बोळाच्या तोंडाशी टॅटूचं दुकान काढलं आणि चुका शोधायला तिला जिवंत माणसं मिळाली. मनगटावर मैत्रिणीचं नाव घालून घ्यायला कुणी आला, तर ती त्याला आधी मैत्रिणीला फोन लावायला सांगे आणि पलीकडचा आवाज स्वतः ऐके. एक पैलवानी अंगाचा तरुण छातीवर वाघ काढून घ्यायला आला होता. तिने कागद घेतला आणि तो पन्नाशीचा होईल तेव्हा वाघ घसरत कुठवर येईल, वाघाचे गाल कसे लोंबतील, हे त्याला रेखाटून दाखवलं. तो चहा पिऊन परत गेला. अशा परत गेलेल्या माणसांबद्दल ती समाधानाने बोलत असे.

मी हळद, पोहे आणि शेवयांच्या पाकिटांची डिझाइनं करतो. माझी बहुतेक गिऱ्हाइकं मार्केट यार्डातली, त्यांची मागणी सोपी असते: नाव मोठं करा आणि लाल करा. त्यामुळे ही एके दिवशी घरी येऊन "भाऊजी, दुकानाला नाव पाहिजे, खूण पाहिजे, जाहिरात पाहिजे," असं म्हणाली तेव्हा मी फारसा घाबरलो नाही. नाव तर तिच्या वाक्यातच होतं, आम्ही 'खूण' ठरवलं. घाबरायची वेळ लोगोच्या वेळी आली. तिचं म्हणणं, दुकानाची खूण म्हणजे दुकानाच्या अंगावरचा टॅटू. एकदा काढला की काढला. म्हणून मी केलेला प्रत्येक नमुना ती मार्करने माझ्याच हातावर उतरवायची आणि काही दिवस तो घेऊन वावरायला लावायची. एका नमुन्यावर हळदीचे व्यापारी इतका वेळ बघत राहिले, की शेवटी त्यांनी मला हलक्या आवाजात घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. माझ्या हाताला खाज सुटेपर्यंत हे चाललं. अखेर 'खूण'मधला ऊकार सुईसारखा निमुळता होत गेलेला एक नमुना तिने पास केला.

जाहिरात रिक्षांच्या मागे लावायचं ठरलं. मजकूर तिचा होता: 'आधी नीट विचार करा. मग या.' ही जाहिरात नसून तंबी आहे, असं मी म्हणालो. तिने ते कौतुक म्हणून घेतलं. वर फोटो खऱ्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या हाताचा हवा, हाही तिचाच हट्ट. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूला आपल्या धाकट्या भावाची सही गोंदवून घेतली होती. भाऊ वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता आणि परगावीच वारला होता. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. मनगटावर घड्याळाचा पट्टा असायचा, त्यामुळे वडिलांना हे ठाऊक नव्हतं. फोटोला बाई आनंदाने तयार झाल्या. नुसत्या मनगटावरून कोण ओळखणार, असं त्याच म्हणाल्या. आडनावाखाली लांब मागे ओढलेली ती झोकदार रेघ फोटोत फार सुंदर आली. रिक्षांवर स्टिकर चिकटवायच्या आधी मेहुणीने डिंकाचीही परीक्षा घेतली. पाणी ओतलं, उन्हात ठेवलं, ब्रशने घासलं. जो डिंक काही केल्या सुटेना, तोच तिने निवडला.

रविवारी स्टिकर लागले. सोमवारी सकाळी बाईंचा फोन आला. त्यांना रात्रभर झोप नव्हती. मनगट कुणी ओळखणार नाही, पण सही वडील ओळखतील, हे त्यांच्या आता ध्यानात आलं होतं. लहानपणी भाऊ प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकायचा. ती गिरवता गिरवता तीच त्याच्या हातात बसली आणि पुढे त्याची झाली. वडील रोज संध्याकाळी कसब्यात देवळाला जातात, डॉक्टरांनी त्यांच्या छातीला जपायला सांगितलंय, एवढं बोलून बाई रडायला लागल्या.

मी मेहुणीला आठवण करून दिली, की त्यांनी संमतीपत्र लिहून दिलेलं आहे. ती हेल्मेट शोधत होती.

"काल हो म्हणाल्या, आज नाही म्हणतात," ती म्हणाली. चिडली की तिच्या तोंडी अकोला येतं. "हात तर त्यांचाच हाय ना, भाऊजी."

तो दिवस मी विसरणं शक्य नाही. ती स्कूटर चालवत होती, मी मागे खोबरेल तेलाची बाटली आणि पत्र्याची पट्टी घेऊन बसलो होतो. रिक्षा स्टँडचे प्रमुख भले गृहस्थ. ते फोनवरून कुठला रिक्षावाला कुठे आहे ते सांगत होते आणि आम्ही पोचेपर्यंत तो तिथून निघालेला असे. स्टेशन, मार्केट यार्ड, परत स्टेशन. सिग्नल लागला की ती स्कूटर माझ्या हाती टाकून धावायची आणि पुढच्या रिक्षाचा मागचा भाग खरवडू लागायची. एका रिक्षातल्या आजीबाईंनी आपलं सामान चोरतायत असं समजून छत्रीने तिच्या बोटांवर मारलं. चौकातल्या पोलिसाने विचारलं तर तिने त्याला खरं काय ते सगळं सांगितलं आणि त्याने सिग्नल थोडा जास्त वेळ लाल ठेवला. डिंक मात्र कुणाचंही ऐकत नव्हता. तिची नखं तुटली, बोटांतून रक्त आलं. "कोन निवडला हा डिंक," असं ती स्वतःलाच विचारत होती आणि मला हसायचं धाडस होत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा एकच रिक्षा राहिली होती. तिच्या मालकाचा फोन बंद होता. मग स्टँडच्या प्रमुखांना आठवलं, की तो या वेळी चहाला कसब्यात देवळाजवळच रिक्षा उभी करतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बोळात टेम्पो अडकला होता, म्हणून स्कूटर तिथेच टाकून आम्ही पळत सुटलो.

रिक्षा देवळाच्या कोपऱ्यावर होती. मालक दिसत नव्हता. तिच्या मागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, हातात कापडी पिशवी, तिच्यातून फुलांचा पुडा डोकावत होता. मेहुणीने माझा दंड धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तोंड जवळ नेलं आणि ती लांब रेघ बोटाने उजवीकडून डावीकडे गिरवली. मग परत एकदा. आम्ही त्यांच्या छातीकडे बघत होतो. ते वळले, आमच्या अंगावरून न बघता गेले. त्या दिवशी ते देवळात गेले नाहीत.

मी म्हणालो, बाईंना आता काही कळवायला नको, कदाचित वडिलांना समजलंही नसेल. मेहुणीने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "ताई, एक रिक्षा राहिली. त्यांनी पाहिलं. चूक माझी हाय." मग माझ्या हातातली पत्र्याची पट्टी घेऊन तिने तो शेवटचा स्टिकरही खरवडून काढला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा मीही तिथे होतो. भांडण झालंच तर घरचा पुरुष असावा, असं बायकोने बजावून मला पाठवलं होतं. गृहस्थ आले. चपला बाहेर नीट काढल्या. भिंतीवरचे सगळे नमुने वाचल्यासारखे पाहिले आणि म्हणाले,

"ती जाहिरात तुमचीच ना? तिच्यातली सही माझी आहे. त्याने चोरली होती."

मेहुणी उभी राहिली. तिने क्षमा मागितली, सगळे स्टिकर काढले म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ते माहीत आहे, सकाळपासून शोधतोय, एकही दिसला नाही. काढायची घाई कुणी सांगितली होती, हेही त्यांनी जरा रागानेच विचारलं. मग खुर्चीवर बसून पाणी प्याले आणि कालचं सांगितलं. काल घरी गेल्यावर लेकीला त्यांनी काही विचारलं नव्हतं. तिने आपणहून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, आणि दोघं जेवली होती.

एखादा शिल्लक आहे का, असं त्यांनी विचारलं. छापखान्यातून आलेला, न लावलेला एक उरला होता. तिने खालचा मजकूर कापून नुसता फोटो त्यांना दिला. त्यांनी तो घडी न घालता पिशवीत उभा ठेवला. चपला घालताना ते थांबले.

"दुखलं असेल ना तिला?"

"हो काका," ती म्हणाली. "तिथली कातडी फार नाजूक असते. पण हात नाही हलवला त्यांनी."

ते मान हलवत राहिले. मग एका हाताने पिशवी छातीशी धरून गर्दीतून वाट काढत निघाले. मेहुणी पायरीवर उभी राहून बघत होती. ते वळणाआड गेले तरी ती आत येईना. पट्टी बांधलेल्या बोटाने ती दाराच्या चौकटीवर नकळत एक लांब रेघ ओढत होती.