तंबूच्या पिशवीतल्या शेंगा

माझ्या भागूआत्याच्या घरून कुठलंही भांडं रिकामं परत गेलेलं मी पाहिलेलं नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण पाठवलं, तर ती वाटी घासूनपुसून दोन दिवस फळीवर थांबे आणि मूठभर मूग किंवा चार लिंबं घेऊन घरी जाई. काहीच नसलं तर तळाशी साखरेची चिमूट. गेणभाऊ वायरमन एकदा तिच्याकडे पान्ह्यांची पिशवी विसरला, ती त्याला वांग्यांसकट परत मिळाली. "रिकामं कसं द्यायचं?" एवढंच तिचं म्हणणं असे. १९९९ साली याच सवयीपायी ती पुण्याच्या एका कंपनीत अडकली.

बोरी बुद्रुक तिचं सासर. गावाला लागून कुकडी वाहते आणि नदीच्या दरडीत पांढऱ्या राखेचा एक थर आहे. फार जुन्या काळी कुठल्याशा दूरच्या ज्वालामुखीतून उडालेली राख, असं शिकलेले लोक सांगतात. ती पाहायला पुण्याच्या एका कॉलेजची मुलं दर हिवाळ्यात येत, शाळेच्या व्हरांड्यात झोपत आणि जेवायला आत्याकडे येत. तीन-चार वर्षं नुसते मुलगेच आले, तेव्हा तिनं त्यांच्या मॅडमना विचारलं, "तुमच्याकडं पोरी शिकत न्हाईत का?"

"शिकतात की. पण उघड्या व्हरांड्यात मुलींना झोपवायला कॉलेज परवानगी देत नाही."

आत्या भाकऱ्या थापत राहिली. पुण्याच्या शेतकी प्रदर्शनात एका कंपनीनं निळे तंबू उभे करून ठेवलेले तिनं पाहिले होते. दिवाळीत शेंगा विकल्यावर ती जाऊन त्यातला एक घेऊन आली, आठ-नऊ जणी मावतील एवढा. चांगदेवमामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, तो खळ्यात उभा राहिलेला पाहिला आणि विचारलं, "आता वाघ कधी आननार?"

"वाघ न्हाई, पोरी येनार हायेत."

आणि खरंच त्या डिसेंबरात सात मुली आल्या. नदीत गुडघाभर उतरून त्यांनी दरड खरवडली, मातीच्या पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीवर शाईनं नाव घातलं. एकीनं आत्याच्या डोळ्याला भिंग लावून राखेचा कण दाखवला. तो काचेसारखा होता, असं आत्या मला पुढं कितीदा तरी सांगायची. चौथीत शाळा सुटलेली बाई. तिच्या डोळ्याला तोवर कुणी भिंग लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस आला. मुली तंबूत शिरल्या आणि पाऊस त्यांच्यामागोमाग शिरला, प्रत्येक शिवणीतून. वह्या भिजल्या. पुड्यांवरची शाई उतरली आणि कुठली माती कुठल्या थराची ते कळेना. उरलेले दोन दिवस मुली आत्याच्या पडवीत कांद्याच्या गोण्यांना टेकून बसल्या.

निघताना मॅडम म्हणाल्या, "भागूताई, यात तुमचा दोष नाही. पण मला कॉलेजला लेखी द्यावं लागतं. तंबू कोरडा राहणार असेल, तरच पुढच्या वर्षी मुलींना आणता येईल. नोव्हेंबरात मी स्वतः बघून जाईन."

म्हणजे हातात दहा महिने होते. आत्यानं कंपनीला पत्र लिहिलं. ते तिनं स्वतःच लिहिलं, आणि तिला पत्राची एकच रीत ठाऊक होती:

"तंबू कंपनीतील सर्व मंडळींस भागूबाईचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी. तुमचा तंबू रंगाने फार चांगला आहे. गावात सर्वांना आवडला. पोरी आनंदाने राहिल्या. यंदा थंडी बेताची आहे. मधे पाऊस झाला तेव्हा तंबू थोडा गळाला. तरी लक्ष असू द्यावे. लहानांस आशीर्वाद."

महिन्याभरानं गुळगुळीत कागदाचं एक इंग्रजी कार्ड आलं. मी तेव्हा मंचरच्या कॉलेजात होते. आमच्या अवसरीहून आत्याकडे गेले, की तिच्याकडे आलेला इंग्रजी कागद वाचून दाखवणं हे माझं काम.

"काय म्हनत्यात?"

"तंबू आवडल्याचं कळवल्याबद्दल आभार मानलेत. पुढची खरेदीही आमच्याकडेच करा म्हणतात."

"आन गळतीचं?"

"गळतीचं काही नाही. आत्या, गळतीचं आधी लिहायचं असतं."

"आल्या आल्या भांडन काढायचं? पत्रात?" तिला ते पटलं नाही. पण मग फोन करावा, असं तिनं ठरवलं.

आळेफाट्याला माणिकचंदशेठचं दुकान होतं. पुढं किराणा, कोपऱ्यात काचेचं एसटीडी बूथ, मागं ट्रान्सपोर्टच्या पार्सलांची खोली. आत्या बूथमध्ये शिरली ती दार उघडं ठेवूनच. आधी बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलली.

"कंप्लेंट नंबर सांगा."

"नंबर न्हाई बाई, तंबू हाये."

"नंबर असल्याशिवाय कंप्लेंट बघता येत नाही."

"मंग नंबर कोन देतं?"

"कंप्लेंट नोंदवल्यावर मिळतो."

"मंग नोंदव की."

"त्याला दुसरा विभाग आहे. लाइनवर राहा."

पुन्हा संगीत. मीटरचे लाल आकडे पळत होते आणि माणिकचंदशेठ गिऱ्हाईक सोडून त्यांच्याकडे बघत होते. तिसऱ्या वेळी तीच मुलगी परत आली, तेव्हा आत्यानं विचारलं, "सकाळपास्नं बोलतियास, जेवलीस का न्हाई?" मग त्या मुलीनं आवाज खाली आणून सांगितलं, "मावशी, फोनवर काही होणार नाही. तंबूच परत पाठवून द्या. बिल आणि वॉरंटीचं कार्ड जोडून."

"एवढं विचारायला एवढी लाइन?" शेठ म्हणाले. मग त्यांनी नीट समजावलं. "भागूबाई, पिशवीत तंबू, बिल आणि कार्ड. बाकी काही घालायचं नाही. ट्रान्सपोर्टच्या गाडीत मी चढवून देतो."

"बाकी काय घालनार मी?" आत्या म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तंबू कंपनीच्याच खाकी पिशवीत घालून परत जायचा होता आणि पिशवी परक्याची होती. तिनं तंबूच्या घडीत दोन शेर शेंगा ओतल्या आणि वर नाडी आवळली. शेंगा तिच्या लेखी 'बाकी काही' नव्हत्याच.

पार्सल वाटेतल्या कुठल्याशा गोदामात पंधरा दिवस पडून राहिलं. एप्रिलात कंपनीचं मराठी पत्र आलं, टाइप केलेलं. "तपासणीअंती तंबूचा वापर शेतमाल साठवण्यासाठी झाल्याचे आढळले. उंदरांनी कुरतडल्याची सात छिद्रे आहेत. सबब वॉरंटी लागू होत नाही. तंबू त्वरित घेऊन जावा."

आत्यानं ते उभ्यानं वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. "मीच मेली घातल्या," ती म्हणाली. चांगदेवमामा गोठ्यातून आले, त्यांनीही वाचलं. "भाजून तरी घालायच्या व्हत्या," ते म्हणाले. एरवी ती यावर हसली असती.

दोन दिवसांनी पहाटेची एसटी धरून ती एकटीच पुण्याला गेली. पुढचं सगळं मी तिच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ती ते दर वेळी त्याच शब्दांत सांगते.

काउंटरवर टाय लावलेला एक तरुण होता. त्यानं फाइल काढली. "मावशी, यात धान्य ठेवलं होतं तुम्ही."

"धान्य न्हाई, शेंगा. तुमच्यासाठी."

"आमच्यासाठी?"

"मंग काय उंदरांसाठी?"

"अहो, पण कंपनीला शेंगा कशाला?"

"पिशवी तुमची ना? रिकामी कशी धाडायची?"

"रिकामी कुठं होती? तंबू होता की आत."

"तंबूबी तुमचाच. तुमचंच तुमाला दिऊन पिशवी भरली म्हनायचं का?"

टायवाल्यानं नियमांचा कागद पुढं सरकवला. आत्यानं तो वाचला नाही. "शेंगा कुठं हायेत?" तिनं विचारलं.

त्यानं मागं पाहिलं. गोदामाच्या दारात अर्ध्या बाहीचा खाकी शर्ट घातलेला एक वयस्कर माणूस उभा होता. धर्माजी त्यांचं नाव, घोडेगावच्या बाजूचे, तिथं माल उघडून तपासायचं काम त्यांचं. ते जरा खाकरले.

"उंदरांकडनं राहिल्या व्हत्या त्या आमी खाल्ल्या, बाई. पाच जनांनी. चहासंगं."

"खवट न्हवत्या ना?"

"न्हाई. लई गोड व्हत्या."

"मंग झालं," आत्या म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं. मग ती टायवाल्याकडे वळली. "आता ऐक पोरा. उंदराची चूक माझी. त्याचं मी एक अक्षर बोलत न्हाई. पर पानी आलं डिसेंबरात आन उंदीर आला मार्चात. आदी आलेलं आदी बघ."

धर्माजी आत गेले, तंबू घेऊन आले आणि फरशीवर उलटा पसरला. "साहेब, या लॉटला शिवनीवर आतून पट्टीच मारलेली न्हाई. बघा हात लावून. मी दोनदा सांगितलं व्हतं."

टायवाल्यानं बोट फिरवलं. मग तो आतल्या केबिनमध्ये गेला. आत्या बाकावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला तेव्हा त्याच्या टायची गाठ सैल झाली होती.

"शिवणींना पट्टी कंपनी मारून देईल. भोकं मात्र आमची नाहीत."

"माझीच हायेत ती. मी कुठं न्हाई म्हनते?"

जूनमध्ये ती तंबू आणायला पुन्हा गेली. कंपनीची पिशवी उंदरांनी सगळ्यांत जास्त खाल्ली होती, म्हणून धर्माजींनी स्वतःची रेक्झिनची पिशवी दिली. "सवडीनं धाडा," ते म्हणाले, आणि हसत पुढं, "रिकामी आली तरी चालंल."

ती अर्थात रिकामी गेली नाही. या वेळी आत्यानं नीट विचार केला. माणिकचंदशेठनाही विचारलं, की उंदीर कशाला तोंड लावत नाही. पिशवी गेली ती वाळलेल्या लाल मिरच्या भरून.

सात भोकं तिनं मामांच्या जुन्या छत्रीच्या कापडानं झाकली, वाकळेला घालतात तसा बारीक टाका घालून, आणि प्रत्येक टाक्यावर मेणबत्तीचं मेण घासलं. निळ्या तंबूवर सात काळी ठिगळं. पावसाळ्यात तंबू एकदा पावसात उभा करून बघ म्हणून मामा मागं लागले, पण ती तयार होईना. मॅडमच्या डोळ्यांदेखत काय व्हायचं ते होऊ दे, म्हणाली. मला वाटतं, ती घाबरली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मॅडम आल्या. मीही होते. आभाळ लख्ख होतं. खळ्यात तंबू उभा केला आणि आत्यानं मामांना द्राक्षबागेच्या फवारणीचा पंप आणायला सांगितला. औषधाचा वास जाईपर्यंत तिनं तो तीनदा धुऊन घेतला होता. मग परातीत कोरडं पीठ पसरून, ती परात मांडीवर घेऊन ती तंबूत जाऊन बसली. थेंब पडला तर पिठात खळी दिसणार होती.

"चालू करा," आतून आवाज आला.

"जोरात का हळू?" मामांनी विचारलं.

"द्राक्षांवर मारता तसा नगं. चिडल्यावर मारता तसा मारा."

मामांनी चारी बाजूंनी पाणी मारलं. कापडावर ताशा वाजल्यासारखा आवाज होत होता. मॅडम थोडा वेळ बाहेर थांबल्या, मग चपला काढून आत गेल्या आणि आत्याशेजारी बसल्या. मी दारातून बघत होते. दोघी पिठाकडे बघत होत्या. पंधरा मिनिटांनी पंप थांबला. पीठ सपाट होतं.

आत्यानं पदर पुढं केला. "हे बगा, खांद्यावर वल लागली. ह्या कोपऱ्यातलं ठिगळ पाझरतंय." तिनं सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

मॅडमनी वर पाहिलं, ठिगळाला बोट लावलं. "तिथं चपला ठेवू," त्या म्हणाल्या.

डिसेंबरात नऊ मुली आल्या. चार दिवस पावसाचा टिपूस पडला नाही, आणि आत्या रोज दुपारी जरा नाराजीनंच आभाळाकडे बघून घ्यायची. शेवटच्या सकाळी तिनं सगळ्यांना वाटेत खायला स्टीलच्या डब्यातून शेंगदाण्याचे लाडू दिले. मुली बसमध्ये चढण्याआधीच लाडू संपले. एक मुलगी डबा घेऊन परत आली, दारातच हातात ठेवला आणि बसकडे पळाली.

आत्यानं झाकण उघडलं. आत कागदाची एक पुडी होती, पांढऱ्या राखेची. वर निळ्या शाईत लिहिलं होतं, "बोरी बुद्रुक, थर तिसरा, डावा काठ." तिनं ते एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. मग शाई उतरते का ते पाहायला अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि पुडी फळीवर, कोरड्या जागी ठेवून दिली.