नाला वाहतो तोवर विहिरीला हात नाही

आमच्या विहिरीवर हंडा भरेपर्यंत दोन किस्से तयार व्हायचे. एवढे साठले की मलाच ठेवायला जागा पुरेना. म्हणून लिहिते. शाळेत गेले नाही, अक्षरं घरीच गिरवली, पण लिहायला कोणाची परवानगी थोडीच लागते!

दारव्ह्याकडचं आमचं गाव. विहीर चैत्रातच तळ दाखवायची, म्हणून गावात कोणी पोरगी देईना. माझा दीर वामन राजबिंडा, घरची कपाशी, तूर; पण पाहुणे विहिरीत डोकावून परत! छप्पन साली जिल्हा मुंबई राज्यात गेला. सरकार बदललं, विहीर तशीच!

मग मी बायकांना म्हटलं, "नाला वाहते तोवर धुणं, आंघोळी, ढोरं सारं तिकडंच. विहीर फक्त पिण्याले."

गावच्या सभेत सरपंच हसले, "वयनी, विहीर तुमाले आंदणात भेटली काय?"

"नाही जी. पण तुमी पाणी भरायले कधी आलते?"

सभा तिथंच उठली!

राखण रहमतबीकडे. नवरा सायकली दुरुस्त करायचा, आवाज मात्र हिचा. विहिरीचा दोर गुंडाळून ती त्याच्यावरच बसायची. एकदा एका साहेबाने तापलेल्या जीपसाठी पाणी मागितलं.

"नाले पे जाओ."

"गाडी सरकारी आहे, बाई!"

"तो क्या हुआ? हमारे बैल भी इज्जतवाले हैं, वहीं पीते हैं!"

साहेब बादली घेऊन निघाले!

मार्गशीर्षात सरपंचांच्याच पोरीचं लग्न. वऱ्हाडाला आंघोळीला पाणी हवं. रहमतबी दोरावरून हलेना. शेवटी नवरदेव खांद्यावर टॉवेल टाकून नाल्यावर, मागून वाजंत्री! व्याही भडकले, "हा आमचा अपमान हाय!"

रहमतबी म्हणाली, "अपमान कायका? बारात थोडी लंबी हो गई!"

वैशाख आला. नाला आटला, आणि विहिरीत पाणी होतं! वैशाखात!

त्याच आठवड्यात राळेगावकडचे एक पाहुणे वामनला पाहायला आले. वामन सकाळपासून तेल लावून, नवा सदरा घालून ओसरीवर ताठ बसलेला. पाहुणे एस.टी.तून उतरले ते थेट विहिरीवर. आम्ही साऱ्या हंडे घेऊन रांगेत. त्यांनी खडा टाकला.

डुबुक!

रहमतबी उठली, स्वतः दोर सोडला, बादली ओढून दिली. पाहुणे ओंजळीने पोटभर प्याले, मिशा पुसल्या आणि मला म्हणाले, "तारीख काढा."

"अवो, पोरगं तं पाहा!"

ते स्टँडकडे चालूही लागले होते.

"लग्नात पाहू ना, बाई!"