बाकावरून स्वच्छ दिसणारा टीव्ही

अंगात किळस फार आणि धंदा लोकांचे केस कापायचा. असा योग वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये, पण या माणसाच्या वाट्याला तो आला होता. कुणाच्या कानातले केस, कुणाचा कोंडा, कुणी तोंडाला फेस लावलेला असतानाच शिंकणारा, काही दिसलं की याचं नाक वर जायचं आणि ओठ वाकडा व्हायचा. गल्लीने त्याचं नाव नाकमुरडे ठेवलं ते इतकं पक्कं बसलं, की पाटीवरचं खरं नाव वाचायची तसदी कुणी घेत नसे. गिऱ्हाइकं तोंडावरच म्हणायची, "नाकमुरडे, दाढी करायची आहे, जरा नाक आवरा."

पण दुकान आरशासारखं लख्ख. एकाचं ब्लेड दुसऱ्याला लागायचं नाही, टॉवेल रोज उकळलेले, कात्र्या पुसून ओळीने मांडलेल्या. लोक त्या स्वच्छतेसाठी यायचे आणि नाक खपवून घ्यायचे. बायको म्हणायची, "तुमचं नाक म्हणजे आपल्या घरातला तिसरा माणूस. त्याच्या मर्जीनंच सगळं चालतं."

दुकानात दोन खुर्च्या. एकीवर तो, दुसरीवर बायकोचा भाऊ. समोर आरसा, मागच्या भिंतीवर उंचावर टीव्ही, आणि बाजूच्या भिंतीला लागून थांबणाऱ्यांसाठी लांब बाक. खुर्चीतला माणूस टीव्ही आरशात बघायचा, त्याला सगळी अक्षरं उलटी. बाकावरचे मान वळवून तिरके बघायचे. बाकाच्या टोकाला निवृत्त पोस्टमनकाका कायमचे. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, पण सकाळी दुकान उघडलं की ते हजर, आणि जेवायच्या वेळेपर्यंत मुक्काम.

एके दिवशी जुन्या टीव्हीतून जळका वास आला आणि तो गेला. नाकमुरडेला मनातून बरंच वाटलं. कात्रीचा आवाज नीट ऐकू येऊ लागला. पण बाकावर लगेच कुरकुर सुरू झाली.

"नाकमुरडे, इथे काय भिंत बघत बसायचं?"

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "चौकातल्या सलूनमध्ये एसी लागलाय. आपण निदान टीव्ही तरी बरा घेऊ."

मग सल्ल्यांचा पूर आला. घ्यायचाच तर मोठा घे, स्वस्तातला घेऊ नकोस, आवाज बघ, रंग बघ. आयजीच्या जिवावर बायजी उदार! सगळ्यात मोठा आवाज पोस्टमनकाकांचा. "अरे, मरताना पैसे बरोबर नेणार आहेस का? चांगलाच घे." या काकांनी त्या दुकानात शेवटची दाढी कधी करून घेतली होती, ते त्यांनाही आठवलं नसतं.

घरी बायकोने एका वाक्यात निकाल लावला. "स्वस्तातला घ्या. बघणार कोण? फुकटे."

तेच मनाशी धरून तो टीव्हीच्या दुकानात गेला. विक्रेता तरुण, उत्साही, आणि माहितीपत्रकाचं प्रत्येक पान थुंकी लावून उलटणारा. ते पान त्याने पुढे केलं तेव्हा नाकमुरडेने हात मागे बांधून घेतले.

"काका, हा बजेटमधला, हा मिडरेंज. दोन्हीवर एकच चित्र लावतो, तुम्हीच बघा."

समोरून बघितलं तर फरक उन्नीस-बीस. पण नाकमुरडे बाजूला सरकला, भिंतीला टेकला आणि गुडघे वाकवून बाकावर बसल्याच्या उंचीला आला.

"काका, टीव्ही असा कोण बघतं?"

"माझ्याकडे सगळे असाच बघतात."

आणि तिथून फरक कळला. स्वस्तातल्यावर गाणाऱ्या बाईचा चेहरा राखाडी पडला होता, दाढीचा फेस वाळून चिकटावा तसा. तिच्यामागचा अंधार नुसता धुरकट. आवाजही डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. दुसऱ्यावर मात्र बाई जशीच्या तशी. गालावरचा तीळ, केसांची बट वेगळी दिसत होती, अंधारात उभे असलेले वाजवणारेसुद्धा दिसत होते. केस बारकाईने बघण्यात जन्म गेलेला माणूस. ती बट बघून तो खूश झाला. कितीतरी दिवसांत एखादी गोष्ट त्याला अशी बिनतक्रार आवडली नव्हती. तो मिडरेंज घेऊन आला.

"घेतलातच ना शेवटी?" बायको म्हणाली. "आता निदान त्याच्याकडे बघून तरी नाक मुरडू नका."

टीव्हीकडे बघून मुरडायची वेळच येईना. रोज सकाळी मऊ फडक्याने तो स्वतः पडदा पुसायचा, मग बाकावर जाऊन या टोकाला, त्या टोकाला बसून बघायचा. कुठूनही रंग हलत नव्हता. पण त्या स्वच्छ चित्रापुढे जी घाण जमू लागली, ती बघवेना. केस कापायचे नसलेले लोक येऊन बसू लागले. कुणी सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं बाकाखाली टाकायचा. कुणी बूट-मोजे काढून पाय वर घ्यायचा. एकाने सामना बघता बघता टाचेचं जाड कातडं सोलून काढलं आणि खाली भिरकावलं. ते नाकमुरडेनेच श्वास रोखून झाडूने गोळा केलं. माणसाचे कापलेले केस आयुष्यभर झाडले, पण ते निदान कामाचे होते.

"अरे, यांना सांग काहीतरी," तो मेहुण्याला म्हणायचा.

"भावोजी, गर्दी दिसली तरच गर्दी येते. जरा सोसा."

तो सोसत राहिला. आणि मग ती दुपार आली.

नाकमुरडे गॅरेजवाल्याची दाढी करत होता. अर्धा गाल झाला होता. टीव्हीवर दूरच्या कुठल्याशा शहरातली एक इमारत कोसळल्याची बातमी लागली. कुणीतरी म्हणालं, "आवाज वाढव रे." मेहुण्याने कात्री थांबवून रिमोट दाबला. पडद्यावर ढिगाऱ्याच्या कडेला एक बाई बसलेली. अंगावर, केसांवर, पापण्यांवर धूळ. हातात कुकरचं झाकण. ते तिच्या हातात का राहिलं होतं कुणास ठाऊक, पण ती ते सोडत नव्हती. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. कॅमेरा तिच्या जवळ गेला, आणखी जवळ गेला.

"वा!" पोस्टमनकाका म्हणाले. "काय क्लिअर आहे रे! धुळीवरून पाणी ओघळलंय ना, ओघळ न् ओघळ मोजून घ्या."

"पैसे वसूल, भावोजी!" मेहुणा म्हणाला. "स्वस्तातल्यावर नुसतं करडं दिसलं असतं."

बाकाच्या मधोमध कुणीतरी बी फोडली. "थांबा, परत दाखवतील. जवळून दाखवतील."

नाकमुरडे वस्तरा हातात घेऊन वळला. त्याचे पाय आपोआप बाकाकडे गेले. रोज सकाळी वाकायचा तसा तो गुडघ्यांत वाकला, मान तिरकी केली आणि बाईच्या चेहऱ्याचा रंग फिका पडतो का ते बघितलं. पडत नव्हता.

"इथूनही स्वच्छ दिसतंय," तो म्हणाला.

स्वतःचा आवाज त्याच्या कानावर पडला. चांगला खुशीतला आवाज होता. त्याने मान वळवली तर आरशात तो स्वतः, वाकलेला, हातात फेसाने माखलेला वस्तरा. लोकांच्या शिंकेला वर जाणारं ते नाक सरळ होतं. एवढं बघूनही सरळ.

वस्तरा टेबलावर टाकून तो मागच्या दाराने बाहेर धावला आणि मोरीत ओकला. ओकून झालं तरी उमासे थांबेनात. चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि तसाच ओल्या चेहऱ्याने आत येऊन त्याने मेहुण्याच्या हातून रिमोट ओढून घेतला. पडदा काळा झाला.

"अरे, अरे!" बाकावरून ओरडा झाला.

"ज्याला केस कापायचे असतील त्यानं बसावं. बाकीचे निघा."

"आम्ही काय केलं?" पोस्टमनकाका उसळले. "बातम्याच तर बघत होतो."

"काका, निघा म्हटलं ना."

"आणि मी?" गॅरेजवाल्याने फेसाआडून विचारलं.

"तुम्ही बसा. तुमचा अर्धा गाल माझ्याकडे आहे."

कुणीतरी हसलं, पण उठले सगळे. टरफलं तुडवत, पुटपुटत गेले.

दाढी पुरी झाल्यावर मेहुणा तोंड फुगवून समोर उभा राहिला. "भावोजी, लोकांना हाकलून दिलंत. आम्हाला काय त्या बाईचं वाईट वाटत नव्हतं?"

"वाटत होतं. आणि रंगही चांगले वाटत होते."

"तुम्हीही बघत होतात."

"म्हणूनच ओकलो," नाकमुरडे म्हणाला.

घरी त्याने ताटाला हात लावला नाही. बायकोने आधी कपाळ चाचपलं, मग खोदून खोदून विचारलं. त्याने सगळं सांगितलं, कुकरच्या झाकणासकट.

"ते बोलले, मीही बोललो गं. त्यांच्या बियांची टरफलं झाडायला माझ्याकडे झाडू आहे. हे कशानं झाडू?"

तिने ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "बोललात ते बोललात. आता काय जीभ कापून घेणार? तो टीव्ही आधी परत करून या."

टीव्हीच्या दुकानात तोच विक्रेता. "काय बिघडलंय, काका?"

"काही नाही."

"मग?"

"फार नीट दिसतं."

विक्रेत्याने शेजारच्या दोघांना हाका मारल्या. "अरे ऐका, काय तक्रार आहे बघा!" तिघेही पोट धरून हसले. मग डोळे पुसत तो म्हणाला, "परत काही घेता येणार नाही. फार तर बजेटवाला बदलून देतो. त्यावर कमी दिसेल."

क्षणभर नाकमुरडेला ते पटलं. मग त्याच्या डोळ्यांसमोर बाक आला. त्या टीव्हीवर बाई राखाडी दिसली असती, आणि बाकावरचे म्हणाले असते, नीट दिसत नाही, जरा पुढे सरका. माणसं तीच, बियाही त्याच. तो तोच टीव्ही उचलून बाहेर पडला.

टीव्ही शेवटी मेहुण्याने घेतला. नुसता टीव्ही नाही, स्वतःचं दुकानच काढलं पुढच्या रस्त्याला, आणि अर्धी गिऱ्हाइकं त्याच्यामागे गेली. बहीण-भावाचं बोलणं काही महिने तुटलं, मग हळूहळू जुळलं. नाकमुरडेच्या दुकानातली दुसरी खुर्ची रिकामी राहिली. भिंतीवर टीव्हीच्या खिळ्यांची भोकं राहिली, ती त्याने बुजवून वर रंग दिला.

शांतता मात्र मिळाली नाही. टीव्ही नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकं बोलू लागली आणि बोलायला विषय कसले? कुणाची गळवं, कुणाचं पोट साफ न होणं, कुणाच्या सुनेने काय शिजवलं आणि ते कसं घशाखाली गेलं नाही. नाकमुरडेचं नाक दिवसभर वर. बायको टॉवेल द्यायला आली की हसायची. पण तो कुणाला गप्प बसा म्हणाला नाही.

बऱ्याच दिवसांनी पोस्टमनकाका आले. या खेपेला बाकावर न बसता सरळ खुर्चीत बसले. डोक्यावर कानांमागे उरलेले चार केस वाढले होते. नाकमुरडेने कापड गळ्याभोवती बांधलं आणि कंगवा घेतला. काका आरशात त्याच्याकडे बघत राहिले.

"तू त्या दिवशी बंद केलास टीव्ही," ते म्हणाले. "त्या बाईचं पुढे काय झालं रे? तिचं माणूस सापडलं का?"

विचारण्यात काळजी होती की नुसती खाज, हे नाकमुरडेला ठरवता येईना. आणि आपण इतक्या दिवसांत हे कुणालाच विचारलं नाही, हेही त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मान खाली घाला."