उमापूरच्या घरातली हवा
तीन महिने मी लोकांच्या घरातली हवा मोजण्याचं काम केलं. घरात एकानं बिडी-सिगारेट ओढली, तर बाकीच्यांच्या छातीत किती धूर जातो, हे बघायचं होतं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. ते हवा ओढून घ्यायचं आणि तिच्यातल्या बारीक कणांचा आकडा दाखवायचं. केजच्या हॉटेलांतही मोजायचं होतं, पण तिथं आमच्या गटाला फारसं कुणी उभं केलं नाही. घरं मात्र उघडी मिळाली.

त्यातलं एक उमापूरचं, मेंढरं राखणाऱ्यांचं, दोन खोल्यांचं. मुलगा कळप घेऊन लांब गेलेला. घरी म्हातारे वडील आणि दम्यानं बेजार झालेली सून. चुलीचा धूरही आकड्यात येतो, म्हणून मी यंत्र चुलीपासून लांब, खुंटीला अडकवलं. चूल कधी पेटली, बिडी कधी पेटली, हे सुनेनं कागदावर लिहायचं ठरलं. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं.

पहिल्या दिवशी चुलीच्या वेळा सोडल्या, तर आकडा हललाच नाही. बिडीच्या रकान्यात एकही नोंद नव्हती.

"आजोबा, रोजच्यासारखंच राहा. माझ्यासाठी काही बदलू नका," मी म्हणाले.

"पाहुणी घरात बसलेली. तिच्या म्होरं बिडी कशी वढू?"

दुसऱ्या दिवशी मी अंगणातच बसले. चूल विझून बराच वेळ झाला होता. तेवढ्यात त्यांनी आतून हाक मारली.

"बाई, हिकडं या. ह्यो आकडा कावून चढला?"

त्यांच्या बोटांत बिडी होती. मोजायचं, उपदेश करायचा नाही, अशी आम्हाला ताकीद होती. मी आकडा वहीत लिहून घेतला. सून डाळ निवडत होती. मान वर न करता ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, तुमच्या बिडीनं चढलाय त्यो."

ते बाहेर गेले, बिडी विझवली आणि परत येऊन यंत्रासमोर उभे राहिले. आकडा लवकर उतरेना.

"धूर तर दिसंना आता."

"दिसत नाही, पण आहे," मी म्हणाले.

ते सुनेकडे वळले. "इतकी वर्सं कावून बोलली न्हाईस?"

"कसं बोलावं, ते कळंना."

एवढंच झालं. कुणी आवाज चढवला नाही. ते जाऊन बाहेर बाजेवर बसले, आणि तिनं आम्हा तिघांना चहा ठेवला.

केजला परत येताना जीपमध्ये मला माझंच घर आठवत राहिलं. माझे यजमान रोज जेवणानंतर पुढच्या खोलीत सिगारेट ओढायचे. मी उठून खिडकी उघडायची, बस. लोकांच्या घरात यंत्र लावणारी मी स्वतःच्या घरात कधी शब्द काढला नव्हता. त्या रविवारी काढला. दोन दिवस ते नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सिगारेट घेऊन गच्चीवर गेले. अजूनही तिथंच जातात.

महिन्याभरानं उमापूरला पुन्हा मोजायला गेले. म्हाताऱ्यांची बाज आता मेंढरं कोंडायच्या वाडग्याशेजारी होती.

"सुटली न्हाई बगा," ते आपणहून म्हणाले. "पर उंबऱ्याच्या आत आणत न्हाई."

आकडा खरंच खाली होता. सुनेचा दमा गेला नव्हता, पण खोकल्याची उबळ कमी येते, असं ती म्हणाली. मी तिला माझ्या घरची गोष्ट सांगितली. तुझ्यामुळे मला बोलायचा धीर आला, असंही म्हणाले. ती लाजली.

"मी काय केलं? जे दिसलं ते बोलले." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "पावसात बी गच्चीवर जातात का त्ये?"

"जातात. छत्री घेऊन."

"मंग लई चांगले हायेत," ती म्हणाली.

घरी आल्यावर यजमानांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ हसत होते.